लावले आणि लावविले

आपल्या मालकीच्या वस्तूविषयी बोलताना मनुष्य जी क्रियापदे योजतो, त्यांची नीतिशास्त्राने जितकी झडती घ्यावयास हवी तितकी घेतलेली नाही, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. ‘माझे आहे’ ह्या वाक्याचा खल तत्त्वज्ञांनी शतकानुशतके केला. परंतु ‘मी केले’, ‘आम्ही बांधले’, ‘आमच्या आजोबांनी लावले’ ही वाक्ये आपण सारेच निःशंकपणे बोलतो आणि ऐकणारेही मान डोलावतात. हा विचार आमच्या मनात प्रथम आला तो ग्रंथ वाचताना नव्हे, तर इटलीतील तोस्काना प्रांतात एका द्राक्षमळ्याच्या सज्जात बसलो असताना.

काही वर्षांमागे ऑक्टोबरच्या अखेरीस फ्लॉरेन्स आणि सिएना ह्या दोन शहरांच्या मधल्या कियांती नावाच्या डोंगराळ मुलुखात आम्ही चार दिवस राहिलो होतो. सांजोवेझे ह्या जातीच्या काळ्या द्राक्षांची तोडणी नुकतीच आटोपली होती; वेलींच्या सरळ रांगा तांबूस-पिवळ्या होऊन उतारावरून खाली गेल्या होत्या. त्यांच्या वरच्या अंगास जैतुनाची झाडे होती. (ऑलिव्ह म्हणून जे फळ आता आपल्याकडे बाटलीत मिळते, त्यास बायबलाच्या मराठी भाषांतरकारांनी जैतून म्हटले आहे, आणि तोच शब्द आम्हांस बरा वाटतो.) झाडांखाली जाळ्या पसरून माणसे लांब दांड्यांच्या फण्यांनी फांद्या विंचरीत होती आणि हिरवी-जांभळी फळे टपटप खाली पडत होती. इस्टेटीचे मालक साठीचे, अत्यंत सुसंस्कृत गृहस्थ. त्यांनी आमच्यासमोर पाव आणि त्याच आठवड्यात घाण्यातून निघालेले, घशाला किंचित झोंबणारे हिरवे तेल ठेवले, आणि उताराकडे हात करून म्हणाले, “ही सगळी झाडे माझ्या पणजोबांनी लावली.”

आम्ही आदराने मान डोलावली. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र ते वाक्य आम्हांस टोचू लागले. त्याचे कारण त्यांच्या पणजोबांविषयी आम्हांस काही ठाऊक होते असे नव्हे. कारण हे, की अगदी हेच वाक्य, ह्याच स्वरात, आम्ही आमच्या घरी लहानपणापासून ऐकत आलो आहो. रत्नागिरीकडील आमच्या गावी कातळावर हापूसची कलमे आहेत. ‘ती आजोबांनी लावली’ असे आमचे वडील पाहुण्यांस सांगत, आणि पुढे आम्हीही सांगू लागलो. आजोबांनी उभ्या आयुष्यात पहार हाती धरली नव्हती, हे घरातील प्रत्येकास ठाऊक होते.

तोस्कानातील ती झाडे कोणी लावली असतील, हे कळण्यास फारशा संशोधनाची गरज नाही. ह्या प्रांतात मध्ययुगापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शेतीची जी पद्धत रूढ होती तिला मेत्सद्रिया म्हणतात. आपल्याकडे जिला अर्धेली म्हणतात तीच ही, फक्त तिकडे ती अधिक बांधेसूद होती. मोठी इस्टेट अनेक लहान शेतांत विभागलेली असे. प्रत्येक शेतावर एक दगडी घर, घरात एक कुटुंब. जमीन, घर आणि बहुधा निम्मी गुरे मालकाची. श्रम सगळे कुटुंबाचे. पीक निम्मे निम्मे. कुटुंबप्रमुख करारावर सही करी किंवा अंगठा उठवी, पण त्याने बांधला जाई तो सारा गोतावळा. किती हात कामास आहेत ह्यावर शेत किती मोठे द्यावयाचे हे ठरत असल्यामुळे घरातील मुलामुलींच्या लग्नासही मालकाची संमती लागे. सणावारी कोंबड्या आणि अंडी वाड्यावर पोचवावी लागत, ती निराळीच. मालक पुष्कळदा शहरात राहत असे. शेतावर त्याचा कारभारी फिरे आणि हिशेबाची वही राखी. वहीत वाईट सालाचे देणे पुढल्या सालावर चढत जाई. आणि हे सर्व एकेका वर्षाच्या कराराने! मुदतीआधी नोटीस मिळाली की बैलगाडीत भांडीकुंडी घालून कुटुंबाने दुसरे शेत धुंडावयाचे. काही कुटुंबे एकाच शेतावर पिढ्यान्‌पिढ्या राहिली हे खरे. पण ती राहिली मालकाच्या मर्जीने, हक्काने नव्हे.

आता ह्या पद्धतीत जैतुनाचे झाड कोठे बसते ते पाहा. गहू पेरला तर त्याच वर्षी वाटणी होते. द्राक्षवेल तिसऱ्या वर्षी थोडेबहुत फळ देते. जैतून मात्र पाचसात वर्षे काहीच देत नाही, भरात येण्यास पंधरावीस वर्षे घेते, आणि मग शतकानुशतके जगते. ज्यास पुढल्या वर्षी ह्या शेतावर आपण असू की नाही ह्याची शाश्वती नाही, त्याने असे झाड कशासाठी लावावे? स्वतःच्या बुद्धीने त्याने ते लावले नसते. म्हणूनच कित्येक करारांत कुळाने दरवर्षी अमुक इतक्या लांबीचे चर नव्या लागवडीसाठी खणून दिले पाहिजेत अशी अट असे. कियांतीची जमीन दगडांनी भरलेली. कुदळीच्या घावाला ठिणगी उडते. हिवाळ्यात खणलेल्या त्या चरांत वेली आणि झाडे लागली, आणि निघालेल्या दगडांचे बांध झाले. जे निसर्गदृश्य पाहण्यास आज जगभरचे लोक लोटतात, ते निसर्गाचे फार थोडे आणि त्या चरांचे फार मोठे आहे.

ह्याच मुलुखातील ब्रोलिओच्या गढीचा धनी, बेत्तीनो रिकासोली, हा इटलीचा दोनदा पंतप्रधान झाला. करड्या स्वभावामुळे त्यास लोक ‘लोखंडी सरदार’ म्हणत. कियांतीची वारुणी मुख्यत्वे सांजोवेझेची असावी, तीस मार्दव यावे म्हणून कनायोलो आणि रोजच्या पानासाठी हलकी हवी असल्यास मालवाझिया मिसळावी, असा निर्णय त्याने अनेक वर्षांच्या प्रयोगानंतर १८७२ साली पीसा विद्यापीठातील एका प्राध्यापकास पत्राने कळविला. ते पत्र इतिहासप्रसिद्ध झाले, आणि ते योग्यच झाले. प्रयोग करणे हेही श्रमच आहेत. पण प्रयोगाच्या वेली ज्यांनी छाटल्या त्यांचा हात त्या पत्रात दिसत नाही.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आम्ही दरवर्षी जॉन लॉक शिकवितो. शासनविषयक आपल्या दुसऱ्या प्रबंधात (१६८९) लॉकने मालकीचे मूळ श्रमात शोधले. पृथ्वी सर्वांची, पण मनुष्याचे शरीर आणि त्याचे कष्ट त्याचे स्वतःचे. म्हणून सामायिक वस्तूत त्याने आपले कष्ट मिसळले की ती वस्तू त्याची होते: ओकखाली वेचलेली फळे वेचणाऱ्याची, झाडावरून तोडलेले सफरचंद तोडणाऱ्याचे. ह्या विचाराची मोहिनी अशी आहे की अगदी शेवटच्या बाकावरचा विद्यार्थीही मान वर करतो. परंतु त्याच परिच्छेदाच्या आसपास एक लहानसे वाक्य आहे, त्यावरून आम्ही स्वतः बरीच वर्षे घसरून गेलो. तेथे लॉक सांगतो की आपल्या घोड्याने खाल्लेले गवत जसे आपले, तसे आपल्या नोकराने कापलेले गवताचे चापटही आपलेच. घोडा आणि नोकर एका ओळीत! कष्ट मिसळणाराची वस्तू, हा सिद्धांत मांडणारा ग्रंथकार नोकराच्या हाताशी आल्याबरोबर तो सिद्धांत मुकाट्याने धन्याच्या पदरात टाकून पुढे जातो.

मौज अशी की द्राक्ष आणि जैतून हे लॉकच्या अभ्यासाचे विषय होते. १६७५ नंतर तीन-चार वर्षे तो फ्रान्समध्ये होता. मोंपेल्ये येथील शेतकरी वेल कशी लावतात, झाडास खत काय घालतात, तेल कसे गाळतात ह्याची त्याने बारकाईने टिपणे केली, आणि आपला आश्रयदाता शाफ्ट्सबरी ह्यास ती लिहून दिली. ते पुस्तक लॉकच्या मरणानंतर साठाहून अधिक वर्षांनी, १७६६ साली, छापले गेले. शाफ्ट्सबरी हा अमेरिकेतील कॅरोलायना वसाहतीच्या मालकांपैकी एक होता, आणि लॉक त्या मालकमंडळाचा काही काळ चिटणीस. त्या वसाहतीच्या १६६९ च्या घटनेत स्वतंत्र नागरिकास आपल्या निग्रो गुलामावर पूर्ण सत्ता दिलेली होती. म्हणजे जैतुनाच्या बुंध्याशी माती कोण ओढतो हे लॉकने डोळ्यांनी पाहिले होते. ज्याने पाहिले नाही त्यास क्षमा करता येते.

मालकाच्या बाजूने जे बोलण्यासारखे आहे ते आम्ही टाळू इच्छीत नाही. किंबहुना आमचाच जन्म त्या बाजूस झालेला असल्यामुळे ते आम्हांस अधिक चांगले ठाऊक आहे. झाड लावण्याचा विचार कोणाचा? रोपे कोणी आणली? पंधरा वर्षे उत्पन्न नाही, तो तोटा कोणी सोसला? थांबणे हाही एक त्याग आहे असे अर्थशास्त्रज्ञ म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. ज्याचे पोट आजच्या आज भरावयाचे आहे तो वीस वर्षांनंतरचे झाड लावू शकत नाही. जगातील बहुतेक दीर्घायू वस्तूंच्या मुळाशी कोणाचे तरी शिल्लक धन असते. हे सर्व कबूल. पण अर्धेलीत थांबणारा एकटा मालक नव्हता. जैतून गुंतवून ठेवील तितकी जमीन कुळाच्या गव्हातूनही वजा होत होती. निम्मे पीक म्हणजे निम्मा तोटाही. दोघेही थांबले, एक भरल्या पोटी आणि एक अर्ध्या. शिवाय एकाचे थांबणे सातबाऱ्यासारख्या दप्तरात नोंदले गेले, दुसऱ्याचे नाही.

जॉन स्टुअर्ट मिलने आपल्या अर्थशास्त्राच्या ग्रंथात (१८४८) अर्धेलीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे, आणि त्यात तोस्कानात राहिलेल्या सिस्मोंदीचा आधार घेऊन इंग्रज टीकाकारांच्या मानाने ह्या पद्धतीस पुष्कळ बरे म्हटले आहे. अर्धेलीदारास स्वतःच्या जमिनीवरील शेतकऱ्याइतका हुरूप नसतो, कारण निम्मे फळ दुसऱ्याचे. पण रोजंदारी मजुराहून तो किती तरी वर आहे, असा त्याचा निवाडा. हा निवाडा खोटा आहे असे आम्हांस वाटत नाही. त्यात एवढेच राहून गेले आहे, की मिल फळाची वाटणी मोजतो, झाडाची मोजीत नाही. नोटीस मिळालेले कुटुंब निम्मा गहू घेऊन जाऊ शके, निम्मे झाड नव्हे.

न्याय शेवटी आला, पण कोठे आला ते पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळांनी मोठ्या चळवळी केल्या. १९४७ साली त्यांचा वाटा शेकडा ५३ झाला, १९६४ च्या कायद्याने तो ५८ झाला आणि नवे अर्धेलीचे करार करण्यास बंदी झाली. १९८२ च्या कायद्याने उरलेल्या करारांचे साध्या खंडात रूपांतर करण्याची वाट मोकळी झाली. परंतु तोवर माणसे उरली होती कोठे? पन्नाशी-साठीच्या दशकांत तरुण पिढी कारखान्यांकडे निघून गेली होती. दगडी घरे ओस पडली. वेली, जैतून आणि गहू एकाच शेतात एकमेकांच्या सावलीत नांदत, ती जुनी मिश्र शेती मोडून यंत्रास सोयीच्या सरळ रांगा आल्या. १९८५ च्या जानेवारीत तर अशी थंडी पडली की पारा शून्याखाली वीस अंशांवर उतरला आणि तोस्कानातील लक्षावधी जैतुने जमिनीपासून वर मेली. ती बुंध्याशी कापावी लागली. पुढे मुळांतून धुमारे फुटले. त्यांतले चांगले दोनतीन राखून बाकीचे छाटले, त्यांची आजची झाडे झाली. म्हणजे आमच्या यजमानांच्या पणजोबांचे त्या उतारावर जर काही उरले असेल तर ते मातीखाली आहे. त्याच १९८५ साली इटलीने शेतावर पाहुणे ठेवण्याच्या धंद्यास कायद्याने रूप दिले, आणि ओस पडलेली घरे पुन्हा वसू लागली. आम्ही ज्या खोलीत निजलो होतो तिच्या खालचा दिवाणखाना पूर्वी बैलांचा गोठा होता. भिंतीत दावणीची लोखंडी कडी तशीच राखली होती. तिच्याखाली एक सुंदर दिवा होता.

येथे आम्हांस आमच्या भाषेची आठवण झाली. मराठीत ‘लावणे’ आणि ‘लावविणे’ ही दोन निराळी क्रियापदे आहेत. ‘करणे’ आणि ‘करविणे’, ‘बांधणे’ आणि ‘बांधविणे’ तशीच. व्याकरणकार दुसऱ्यास प्रयोजक म्हणतात आणि परीक्षेपुरते ते शिकवून मोकळे होतात. पण श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायाशी मराठीतील जो अतिप्राचीन लेख आहे, त्यात चावुंडरायाच्या नावापुढे जे क्रियापद कोरले आहे ते ‘करवियले’ हे आहे. एवढा मोठा सेनापती, एवढी अजस्र मूर्ती, दगडात अक्षर कोरणारा त्याचाच आश्रित. तरी ‘केले’ असे लिहिले नाही. ज्याने खरोखर छिन्नी चालविली त्याचे नाव तेथे नाही, ही उणीव आहेच. पण त्या एका ‘व’काराने त्याची जागा तरी मोकळी ठेवली आहे. वाचणारास कळते की येथे आणखी कोणी होते. पुढे आपण ती जागाही बुजवून टाकली. इटालियन भाषेतही ‘लावविले’ म्हणण्याची सोय आहे. आमचे संभाषण इंग्रजीत चालले होते म्हणून कदाचित यजमानांस ती सुचली नसेल. आमच्याजवळ मराठी होती, आणि आम्हांस साठ-सत्तर वर्षांच्या घरगुती संभाषणात एकदाही सुचली नाही.

हा शब्दांचा कीस आहे, त्यात नीतीचा प्रश्न कोठला, असे कोणी म्हणेल. ताजमहाल शहाजहानने बांधला असे म्हटल्याने कोणाचे काय बुडते? ताजमहालाविषयी आम्ही बोलत नाही; त्यास कोणी फसत नाही. पण आमच्या घरातील गोष्ट सांगतो. मुंबई इलाख्याचा कुळकायदा १९४८ चा. पुढील दुरुस्तीने १९५७ च्या १ एप्रिलला कूळ हे कसत असलेल्या जमिनीचे मालक मानले गेले, आणि आमच्या कलमांपैकी निम्म्याहून अधिक कलमे कुळाकडे गेली. न्यायाधिकरणाने ठरविलेली किंमत हप्त्याहप्त्याने मिळाली. ती अर्थातच थोडी होती. त्यानंतर आमचे वडील चाळीस वर्षे जगले, आणि दर मे महिन्यात, आंब्याची पहिली फोड तोंडात घालताना म्हणत, “आमच्या बापाने लावली, आणि खातोय कोण!” ह्या वाक्याने त्यांचे आयुष्य कडवट केले. कुळाच्या मुलाने पुढे होऊन नमस्कार केला तर ते तोंड फिरवीत. जमिनीची किंमत कमी मिळाली ही तक्रार त्यांनी केली असती तर ती खरी होती, आणि खऱ्या तक्रारीस कोठे तरी शेवट असतो. पण त्यांची तक्रार पैशाची नव्हती. ती ‘लावली’ ह्या शब्दाची होती. मालमत्ता वारसाने मिळते. केलेले काम वारसाने मिळत नाही. आणि जे काम वाडवडिलांनीही केले नव्हते त्याचा वारसा सांगणारा मनुष्य, त्या कामाचा खरा करणारा दारात उभा राहिला की चोर आल्यासारखा दचकतो. आमच्या वडिलांसारख्या सरळ मनुष्याची ही गत एका चुकीच्या क्रियापदाने केली.

अर्धेली गेली म्हणून तो दारातला मनुष्य नाहीसा झाला असेही नाही. त्या ऑक्टोबरात जाळ्या ओढणारे सहाजण इटालियन बोलत नव्हते. २०२४ च्या जूनमध्ये रोमच्या दक्षिणेस लातीना जिल्ह्यातील एका शेतावर एका पंजाबी मजुराचा हात यंत्रात सापडून तुटला. त्यास इस्पितळात न नेता त्याच्या घराशी टाकून देण्यात आले, तुटलेला हात फळांच्या पेटीत ठेवून. तो दोन दिवसांनी वारला. ते शेत द्राक्षांचे नव्हते, आणि सगळे मालक तसे नसतात. आमचे यजमान तर खासच नव्हते. पण मिलने अर्धेलीदारास ज्या मजुराहून वर बसविले होते, तोच आता शेतावर उरला आहे, आणि त्यास अर्धाही वाटा नाही. सांजोवेझेची वेल तर आता आपल्या सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरातही रुजली आहे. तेथे ती कोणी लावली असे आणखी पन्नास वर्षांनी सांगतील, ह्याचे आम्हांस कुतूहल आहे.

परत आल्यावर आम्ही गावच्या घरी जाऊन आजोबांच्या हिशेबाच्या वह्या काढल्या. तोस्कानातील कारभाऱ्याच्या वहीत कुळाचे नाव तरी असे, कारण देणे कोणाच्या तरी नावावर चढवावे लागे. आमच्या आजोबांवर कोणाचे देणे नव्हते. १९४४ सालच्या वहीत, उन्हाळ्याच्या पानांवर, त्यांच्या वळणदार मोडीत एकच नोंद ओळीने आली आहे: कलमांस पाणी, गडी २. विहिरीपासून कातळापर्यंत चढ आहे. आम्ही रिकाम्या हातांनी चढलो तरी दम लागला. आमची एक आत्या नव्वदीच्या घरात आहे, त्या वर्षी ती सातआठ वर्षांची असावी. तिला आम्ही विचारले. ती बराच वेळ डोळे मिटून बसली. मग म्हणाली, “एक तो भिकू. मला खांद्यावर घेऊन विहिरीवर न्यायचा. दुसरा होता खरा कोणी तरी, काळासा, बोलायचा नाही फारसा.” त्याचे नाव तिला आठवले नाही.